तो हातरुमाल कुणी दिला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर झड लागली होती. फिरायला जाणे शक्य नव्हते, म्हणून मी आरामखुर्चीत पडून शेक्सपिअरचे 'ऑथेल्लो' पुन्हा एकदा वाचीत होतो. शेजारी सौ. गवारीच्या शेंगा निवडीत बसली होती.

"कितीदा वाचाल हो तेच ते?" ती म्हणाली.

आता, पस्तीस वर्षे कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या माणसाला असे विचारणे म्हणजे पेन्शनीत निघालेल्या फौजदाराला जुन्या खटल्याची आठवण करून देण्यासारखेच आहे. मी चष्मा सरसावला आणि अंक पहिला, प्रवेश पहिला येथपासून तिला सारी कथा ऐकवली. शेंगा निवडून झाल्या, कथाही संपली. शेवटी एकाच पलंगावर तीन प्रेते पडली आहेत आणि ज्याने हे सारे घडवून आणले तो इयागो बांधलेल्या अवस्थेत, ओठ घट्ट मिटून उभा आहे, इथवर येऊन मी थांबलो. "काय मेला दुष्ट माणूस!" हे वाक्य आता येणार म्हणून वाट पाहू लागलो. पस्तीस वर्षांत माझ्या प्रत्येक वर्गाने ते म्हटले होते.

सौ. मात्र भलतेच बोलली.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "तो हातरुमाल कुठं गेला म्हणून ती बिचारी काळजी करते, तेव्हा ही एमिलिया तिच्या शेजारीच उभी आहे ना? रुमाल आपल्या नवऱ्याला आपणच दिलाय हे तिला ठाऊक आहे. मग ती बोलत का नाही?"

मी विद्वत्तापूर्ण उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. एक तर, या शोकांतिकेची खरी गाठ नेमकी तिथेच आहे, हे मला इतक्या वर्षांनी त्या क्षणी जाणवले. दुसरेही एक कारण होते. ते जरा माझ्या अंगावर येणारे आहे. तेव्हा ते शेवटी सांगतो.

सचोटीचा माणूस

१ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात, जेम्स राजाच्या दरबारी मंडळींपुढे, या नाटकाचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. म्हणजे चारशेहून अधिक वर्षे लोक इयागोला पाहत आले आहेत. नाटकाला नाव ऑथेल्लोचे असले तरी ऑथेल्लोपेक्षा जास्त ओळी इयागोच्या तोंडी आहेत. घर मालकाचे, पण कारभार कारभाऱ्याचा, अशातला प्रकार!

गोष्ट थोडक्यात अशी. ऑथेल्लो हा व्हेनिसच्या सैन्याचा सेनापती. जातीने मूर, वर्णाने काळा, पराक्रमाने थोर. व्हेनिसच्या एका प्रतिष्ठित सभासदाची, ब्रबॅन्शिओची, मुलगी डेस्डेमोना त्याच्या शौर्याच्या कथा ऐकून त्याच्यावर भाळते आणि बापाच्या नकळत त्याच्याशी लग्न करते. इयागो हा ऑथेल्लोचा निशाणदार. वय अठ्ठावीस. सेनापतीच्या खालची दुय्यम अधिकाराची जागा आपल्याला मिळावी म्हणून त्याने मोठमोठ्या माणसांकडून शब्द टाकवलेला असतो. पण ऑथेल्लो ती जागा कॅशिओ नावाच्या तरुणाला देतो. कॅशिओ म्हणजे पुस्तकी लढवय्या, असे इयागोचे मत. ज्येष्ठता डावलली गेली, चिठ्ठीचपाटीवर जागा जाऊ लागल्या, ही त्याची तक्रार. वाचकहो, ही तक्रार चारशे वर्षांपूर्वीची आहे हे मुद्दाम सांगावे लागते, कारण ती कोणत्याही कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत जशीच्या तशी ऐकू येईल!

पण ही तक्रार करणारे हजार असतात आणि त्यांतला एखादाच इयागो होतो. या माणसाजवळ असे काय होते? धन नव्हते, कुल नव्हते, हुद्दा नव्हता. एकच भांडवल होते: सचोटीचा माणूस ही ख्याती. 'प्रामाणिक' आणि 'प्रामाणिकपणा' या अर्थाचे इंग्रजी शब्द या नाटकात पन्नासाहून अधिक वेळा येतात आणि त्यांतले कितीतरी इयागोला उद्देशून आहेत. ऑथेल्लो त्याला सचोटीचा म्हणतो, कॅशिओ म्हणतो. डेस्डेमोना तर आपल्यावर आकाश कोसळल्यावर ज्याच्यापुढे गुडघे टेकून मदत मागते तो मनुष्य इयागोच!

आपण खलपुरुष म्हटला की मिशीला पीळ, डोळ्यांत अंगार असे चित्र मनात आणतो. तसला मनुष्य घरात आला तर आपण पोराबाळांना आत पाठवू. इयागो आला तर मात्र त्याला पाट मांडू, चहा टाकू आणि आपले सारे गाऱ्हाणे त्याच्यापुढे मांडू. त्याची सत्ता सुरू होते ती तिथून.

ज्याचा त्याचा काटा

इयागो सगळ्यांना एकाच काट्याने तोलत नाही. समोरच्याचे मन कशाने हलते ते तो आधी पाहून ठेवतो आणि नेमके तेवढेच पारड्यात टाकतो.

रॉडरिगो हा श्रीमंत, बावळट तरुण. डेस्डेमोनेवर त्याचा जीव जडलेला. इयागो त्याला आशेवर ठेवतो. तिचे हे लग्न टिकायचे नाही, तू फक्त पैशांची तजवीज करीत राहा, हे पालुपद तो त्याला इतक्या वेळा ऐकवतो की ते गृहस्थ जमीन विकायला निघतात. डेस्डेमोनेला नजर करायची म्हणून दिलेले रत्नांचे दागिने परस्पर इयागोच्या खिशात जातात. लग्नाच्या दलालाने दोन्हीकडून पैसे खावेत आणि वधूला स्थळाचा पत्ताच नसावा, तसा हा सगळा मामला!

ब्रबॅन्शिओच्या बाबतीत भीती. मध्यरात्री त्याच्या खिडकीखाली उभे राहून इयागो आरोळ्या ठोकतो, म्हाताऱ्याला मुलीच्या पलायनाची बातमी अत्यंत किळसवाण्या शब्दांत देतो आणि दिवटी घेऊन माणसे खाली येण्यापूर्वी रॉडरिगोला पुढे करून स्वतः पसार होतो. पुढच्याच प्रवेशात तो ऑथेल्लोच्या बाजूला उभा आहे आणि तुमच्याविषयी कुणी वाईट बोलले तर माझ्याने कसे ऐकवत नाही, ते सांगतो आहे! काडी ओढायची आणि आग विझवायला बादली घेऊन पहिले धावायचे, ही त्याची रीत.

कॅशिओच्या बाबतीत तर तो त्याचा भिडस्त स्वभावच वापरतो. तुर्कांचे आरमार सायप्रसवर चालून येत असते, ते वादळात बुडते. लढायला आलेल्या सैन्याला लढाईच उरत नाही. आनंदोत्सव सुरू होतो. कॅशिओला दारू सोसत नाही. हे त्याला स्वतःला माहीत आहे, तो तसे सांगतोही. पण चार मंडळींत 'नाही' कसे म्हणावे? आग्रहाला बळी पडलेला कॅशिओ पितो, चिथावणीला बळी पडून भांडतो आणि एका मान्यवर अधिकाऱ्याला जखमी करतो. ऑथेल्लो झोपेतून उठून येतो आणि विचारतो, हे कुणी सुरू केले?

इथे इयागोची करामत पाहावी. त्याला कॅशिओविरुद्ध बोलायचे आहे. पण तो बोलायला तयारच होत नाही. जीभ तुटली तरी चालेल, पण कॅशिओचे नुकसान माझ्या तोंडून व्हायला नको, अशा थाटात तो सुरुवात करतो आणि मग, नाइलाज म्हणून, घडले तेवढेच सांगतो. त्यात खोटे असे फारसे काही नाही. नुसते एवढेच, की रॉडरिगोला पाठवणारा कोण आणि पेला भरणारा कोण, हे त्यात नाही. धर्मराजाने 'नरो वा कुंजरो वा' एकदाच म्हटले आणि त्याचा रथ जमिनीला टेकला. इयागोचा रथ तर त्याच चाकांवर चालतो. ऑथेल्लो म्हणतो, मित्राला झाकण्यासाठी तू सौम्य शब्दांत सांगतो आहेस. आणि कॅशिओला तिथल्या तिथे कामावरून दूर करतो.

लगेच इयागो कॅशिओचे सांत्वन करायला जातो आणि त्याला एक सल्ला देतो: डेस्डेमोनेकडे जा, ती दयाळू आहे, तिने शब्द टाकला तर तुझी जागा परत मिळेल. वाचकहो, हा सल्ला चांगला आहे! तुम्ही-आम्हीही तोच दिला असता. इयागो स्वतःच प्रेक्षकांना विचारतो की यात मी वाईट काय सांगितले? वाईट एवढेच, की डेस्डेमोना कॅशिओची जितकी बाजू घेईल तितका तिच्यावर संशय घ्यायला ऑथेल्लोला शिकवायचे आहे. तिच्या चांगुलपणाचेच जाळे विणून त्यात सगळ्यांना अडकवायचे, हा त्याचा बेत आहे.

न बोलण्याची कला

आता तिसऱ्या अंकातला तो प्रसिद्ध प्रवेश. मी वर्गात तो शिकवीत असे तेव्हा मुलांना म्हणत असे, "इयागो काय बोलतो ते लिहून घेऊ नका. तो कुठे थांबतो ते लिहून घ्या."

कॅशिओ डेस्डेमोनेला भेटून, सेनापतीला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून, घाईने निघून जातो. लांबून ऑथेल्लो आणि इयागो येत आहेत. इयागो स्वतःशीच बोलल्यासारखे, हे काही बरे दिसले नाही, अशा अर्थाचे पुटपुटतो. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? कुठे काय, काही नाही! आपण ज्याला 'खडा टाकून पाहणे' म्हणतो तो हा. नंतर तो साळसूदपणे विचारतो, तुमचे प्रेम जमले तेव्हा कॅशिओला ते ठाऊक होते का? होते. अस्से! का रे, का विचारलेस? सहज, आपली मनाची शंका. ऑथेल्लोचेच शब्द तो त्याला प्रतिध्वनीसारखे परत करतो आणि दर वेळी त्यात किंचित काळजी मिसळतो.

थोड्या वेळाने असे होते की इयागो लपवतो आहे आणि ऑथेल्लो त्याच्याकडून खोदून खोदून काढतो आहे. सांग, तुझ्या मनात काय आहे ते सांग, म्हणून सेनापती आपल्या निशाणदाराची विनवणी करतो आहे! कुणी येऊन 'तुमची बायको वाईट आहे' असे म्हटले असते तर ऑथेल्लोने त्याला तलवारीनेच उत्तर दिले असते. पण जे आपण स्वतः कष्टाने उकरून काढले ते खोटे कसे असेल? विहीर आपण खणली, पाणी लागले, ते पाणी आपलेच वाटते. ते रात्री कुणी आणून ओतले असेल हे ध्यानात येत नाही.

त्याच प्रवेशात इयागो ऑथेल्लोला मत्सरापासून सावध राहा असेही बजावतो! म्हणजे मत्सराचा शब्द आधी उच्चारणारा तोच, आणि तोही उपदेश म्हणून. मग हळूच आठवण देतो की या मुलीने तुमच्याशी लग्न करताना बापाला फसवले होते. हे शब्द मुळात ब्रबॅन्शिओचे; भर सभेतून जाताना त्याने जावयाला असाच इशारा दिला होता. तेव्हा इयागो तिथेच उभा होता. दुसऱ्याचा राग त्याने पुरचुंडीत बांधून ठेवला आणि वेळ येताच सोडला. तुम्ही परके, तुम्हाला व्हेनिसच्या बायकांच्या रीती काय ठाऊक, हेही तो सुचवतो. पराक्रमी माणसाच्या मनाच्या कोपऱ्यात एक भीती दडलेली होती: या गोऱ्या, श्रीमंत समाजात मी खरोखर त्यांच्यातला आहे का? इयागोने त्या कोपऱ्यावर बोट ठेवले, बस्स.

आणि अधिकाराचे काय? त्याच प्रवेशाच्या अखेरीस ऑथेल्लो त्याला कॅशिओची जागा देऊन टाकतो. म्हणजे ज्या जागेसाठी हा सारा खटाटोप, ती नाटक अर्ध्यावर आले तेव्हाच मिळाली! पण इयागो थांबत नाही. आपल्या एका पुटपुटण्याने सेनापती वेडापिसा होतो, ही जी सत्ता त्याने चाखली, तिच्यापुढे हुद्द्याची सत्ता त्याला काय वाटणार? आपल्या या वागण्याची तो नाटकभर निरनिराळी कारणे देत असतो: कधी डावलली गेलेली जागा, कधी आपल्या बायकोविषयीचा संशय. कोलरिजसारख्या समीक्षकाने फार पूर्वी म्हटले आहे की हा मनुष्य आपल्या दुष्टाव्याला कारणे हुडकीत हिंडतो. मुळात त्याला कारणच नाही. मला स्वतःला वाटते, कारण होते. पण ते आरंभापुरते. पुढे चटक लागली.

रुमाल

इतके झाले तरी ऑथेल्लो एकदा उसळतो. इयागोचा गळा धरतो आणि म्हणतो, डोळ्यांनी दिसेल असा पुरावा आण. आणि पुरावा इयागोजवळ तयार असतो.

ऑथेल्लोने डेस्डेमोनेला पहिली भेट म्हणून एक हातरुमाल दिला होता, त्याच्या आईचा, वर स्ट्रॉबेरीच्या फळांचे भरतकाम केलेला. डेस्डेमोना तो क्षणभर दूर करीत नसे. ऑथेल्लोचे डोके दुखते म्हणून ती तो त्याच्या कपाळावर बांधू पाहते. तो झिडकारतो आणि रुमाल खाली पडतो. नवऱ्याच्या काळजीत तिच्या ते ध्यानात येत नाही. एमिलिया, म्हणजे इयागोची बायको आणि डेस्डेमोनेची सोबतीण, तो उचलते. नवऱ्याने हा रुमाल चोरून आण म्हणून तिच्यामागे शंभरदा लकडा लावलेला असतो. याचे त्याला काय करायचे आहे, देव जाणे, असे ती म्हणते. आणि देऊन टाकते. देताना विचारतेही, कशाला हवा? तुला काय करायचे आहे, असे उत्तर येते. तिला हेही कळते की रुमाल सापडला नाही तर आपल्या बाईसाहेब वेड्या होतील. तरी देते.

कारण काय? नवरा कधी गोड बोलत नाही, आज बोलेल, ही एवढीशी आशा. बस्स.

शेक्सपिअरने ही कथा गिराल्दी चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ साली छापल्या गेलेल्या कथासंग्रहातून घेतली. पण तिथे रुमालाची गोष्ट वेगळी आहे. त्या कथेतला निशाणदार आपली लहान मुलगी डेस्डेमोनेच्या हाती देतो, ती पोरीला छातीशी धरते, आणि तेवढ्यात तो स्वतःच तिच्या कमरेचा रुमाल लांबवतो. त्याच्या बायकोला त्याचा डाव ठाऊक असतो. भीतीपोटी ती गप्प राहते. शेक्सपिअरने दोन्ही गोष्टी बदलल्या. चोरी इयागोच्या हातून काढून एमिलियेच्या हाती दिली, आणि डाव मात्र तिला कळू दिला नाही. डाव ठाऊक नसलेल्या, मनाने चांगल्या बाईने तो रुमाल द्यायचा! मला वाटते, माणसाच्या व्यवहाराचे शेक्सपिअरला जे ज्ञान होते ते या एका बदलात दिसते. दुष्टांचे काम दुष्टांनी केले असते तर ते कधीच उघडे पडले असते. ते चालते ते आपल्यासारख्या बऱ्या माणसांनी 'कशाला हवंय' हा प्रश्न एकदाच विचारून सोडून दिल्यामुळे.

आणि आता सौ.चा प्रश्न. पुढच्याच प्रवेशात डेस्डेमोना विचारते, रुमाल कुठे गेला असेल गं? एमिलिया सांगते, मला माहीत नाही. ऑथेल्लो येतो, रुमाल मागतो, चवताळतो. एमिलिया हे सारे पाहते. तो गेल्यावर पुरुषांच्या जातीविषयी चार सणसणीत शब्द सुनावते. रुमालाविषयी एकही नाही. चौथ्या अंकात ती ठासून सांगते की कुणीतरी हरामखोराने एखादी जागा मिळवण्यासाठी ही कंडी पिकवली आहे. अगदी नेमके निदान! त्या वेळी तो हरामखोर तिच्या शेजारीच उभा आहे आणि म्हणतो, छे, असा माणूस जगात असणेच शक्य नाही. तिला सारे दिसत होते. फक्त आपल्या हातून गेलेला तो चिंधीएवढा तुकडा त्या चित्रात बसवायची हिंमत होत नव्हती.

देवलांची दोन नाटके

आपल्या मराठीत ऑथेल्लो फार लवकर आला. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली त्याचे भाषांतर केले. पुढे १८९० साली गोविंद बल्लाळ देवलांनी त्याला 'झुंजारराव' करून मराठी पोशाख चढवला. डेस्डेमोनेची कमळजा झाली. पण याच देवलांनी मोलिएरच्या एका प्रहसनाच्या आधारे आणखी एक नाटक लिहिले: 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा', ज्याचे १९१६ साली 'संशयकल्लोळ' झाले. मौज पाहा. झुंजाररावात एक हातरुमाल हरवतो, फाल्गुनरावात एक तसबीर सापडते. तिथेही नवरा बायकोवर संशय घेतो, इथेही. मग एका नाटकाला आपण डोळे पुसतो आणि दुसऱ्याला पोट धरधरून हसतो, ते का?

कारण 'संशयकल्लोळ'मध्ये कोणी खलपुरुषच नाही. संशय माणसाचा स्वभावच आहे. तो एकटा असला की फार तर तमाशा होतो आणि चार माणसे समोरासमोर येऊन बोलली की मिटतो. त्याची शोकांतिका व्हायला दोन गोष्टी लागतात: त्या माणसांना समोरासमोर मोकळे बोलू न देणारा एक इयागो, आणि माहीत असून न बोलणारी एक एमिलिया.

२००६ साली आलेल्या 'ओंकारा' या हिंदी चित्रपटात विशाल भारद्वाज यांनी हातरुमालाच्या जागी कमरबंद आणला आणि शेवटी इयागोचा निवाडा त्याच्या बायकोच्याच हातून करवला. मूळ नाटकात तसे नाही. तिथे एमिलियेजवळ शस्त्र नाही, फक्त शब्द आहेत. डेस्डेमोना मेल्यावर रुमालाचा उल्लेख कानी पडताच तिच्या डोळ्यांपुढे लख्ख प्रकाश पडतो. नवरा तिला गप्प बस म्हणतो, घरी जा म्हणतो, तलवार उपसतो. ती बोलते. तो रुमाल मला सापडला, मीच ह्याला दिला. हे बोलल्याबद्दल इयागो तिला ठार करतो. सबंध नाटकात इयागोच्या सत्तेला तडा जातो तो एवढ्या एका कबुलीने. सेनापतीची तलवार जे करू शकली नाही ते एका बाईच्या खऱ्या बोलण्याने केले. फक्त, एक रात्र उशिरा.

आता माझे

मी ज्या कॉलेजात होतो तिथे १९७९ साली उपप्राचार्याची जागा रिकामी झाली. माझा एक स्नेही गणित शिकवीत असे. हुशार, सरळ, लिहिण्यात गमत्या. जागा त्याची, हे सगळे धरून चालले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो कोकणात आपल्या घरी गेला होता. तिथून त्याने मला लांबलचक पत्र लिहिले. त्यात आमच्या प्राचार्यांना त्याने 'उत्सवमूर्ती' म्हटले होते: मखरात बसवली की शोभते, कौल मात्र कधी देत नाही! मी पत्र वाचून खूप हसलो.

आमचे आणखी एक सहकारी होते. मृदुभाषी, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारे. ते सहज घरी आले. मी पत्रातला मजकूर जरासा वाचून दाखवला. ते म्हणाले, "काय लिहितो हो! द्या की मला एक दिवस. घरी वाचून दाखवतो. उद्या आणून देतो."

"कशाला हवंय?" असे मी हसत विचारले, हे मला पक्के आठवते. ते नुसते हसले. मी पत्र दिले. त्यांनी दुसऱ्या दिवशी घडी न मोडता परत आणून दिले.

जूनमध्ये कॉलेज उघडले. एके दिवशी काही कामासाठी मी प्राचार्यांच्या खोलीत गेलो, तेव्हा ते कडवट हसून म्हणाले, "आम्ही काय बुवा, उत्सवमूर्ती!" माझ्या पायांखालची जमीन सरकली. उपप्राचार्याची जागा त्या मृदुभाषी सहकाऱ्यांना मिळाली. मागाहून कळले की त्यांनी माझ्या स्नेह्याविरुद्ध एक अक्षर उच्चारले नव्हते. "जाऊ द्या सर, तरुण आहे, लिहिण्याच्या भरात जातं लिहून," असे म्हणून त्यांनी त्याची रदबदलीच केली होती!

एका संध्याकाळी माझा स्नेही मला म्हणाला, "माझ्याविषयी साहेबांचं मन कुणी कलुषित केलं रे? तुला काही माहीत आहे?"

मी म्हटले, "नाही रे. मला काय माहीत?"

त्याच आठवड्यात मी तिसरा अंक शिकवीत होतो. मुलांना एमिलियेची तीच जागा समजावून सांगत होतो. घसा कोरडा पडला म्हणून पाणी प्यालो आणि पुढे शिकवले.

वर्षअखेर तो नोकरी सोडून आपल्या गावाजवळच्या कॉलेजात गेला. दिवाळीची भेटकार्डे जात-येत राहिली. बारा वर्षांनी, १९९१ साली, न राहवून मी त्याला सारे लिहिले. रुमाल मीच दिला, असेच लिहिले; तो गणिताचा असला तरी त्याला कळण्यासारखे होते. आठ दिवसांनी एक साधे पोस्टकार्ड आले: "ते पत्र मी जगात एकट्या तुलाच लिहिले होते. तेव्हा ते कुणाकडून गेले हे मला साहेबांच्या तोंडचा शब्द ऐकला त्याच दिवशी कळले. तुला विचारले ते माहितीसाठी नव्हते. तू सांगतोस का, ते पाहत होतो. असो. आंबे उतरले आहेत, ये."

मी गेलो. आंबे खाल्ले. त्या विषयावर आम्ही दोघेही बोललो नाही.

त्या पावसाळी दुपारी हे सारे माझ्या मनात आले म्हणून मी गप्प बसलो होतो. सौ.ला ही हकिकत पूर्वीपासून ठाऊक आहे. तिने निवडलेल्या शेंगांचे ताट उचलले, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "तुम्हाला निदान बारा वर्षं मिळाली हो. त्या बाईला एवढा वेळ कुठला मिळायला?"